मऊ माती

मी अवजड मशिनं भाड्यानं देतो. गावच्या शाळेतले मास्तर त्यांच्या लेकीच्या डर्ट बाईकचा ट्रॅक नीट करायला दरवर्षी माझ्याकडून जेसीबी न्यायचे. रोलर मात्र कध्धी नाही. "माती मऊच बरी. पोर पडली तरी हाडं शाबूत राहतील," म्हणायचे.

यंदा आले ते थेट सगळ्यात जड रोलरपाशी जाऊन उभे राहिले. "हाच द्या. ट्रॅक दगडासारखा टणक झाला पाहिजे."

मला हसू आलं. "काय मास्तर, काळजी मिटली वाटतं? अन् पोर पडली म्हणजे?"

त्यांनी रोलरवरून नुसता हात फिरवला.



"पडून झालं तिचं. तरी रोज ट्रॅकवर न्या म्हणते... मऊ मातीत व्हीलचेअर रुतते हो."