ओढणीचं टोक

झोपलेल्या सृष्टीच्या मुठीत आईच्या ओढणीचं टोक होतं आणि बाहेर रिक्षावाला हॉर्न वाजवत होता. हर्षालीचा नोकरीवर परतायचा पहिलाच दिवस. “हळूच सोडव अन् सटक,” झेंडू निवडता निवडता सासूबाई कुजबुजल्या. “उठली तर जाऊ द्यायची नाय तुला.” हर्षाली वाकली आणि तशीच थांबली. लग्नाआधी ती वर्षभर फ्रान्सला एका कुटुंबात राहून त्यांच्या मुलीला, क्लेमान्सला, सांभाळत होती. निघायच्या दिवशी झोपलेल्या क्लेमान्सच्या मुठीतून तिने अशीच ओढणी सोडवली होती. उठवू नकोस, रडेल, असं क्लेमान्सच्या आईनेच बजावलं होतं. नाशिकला घरी पोचल्यावर फोनवर कळलं, पोरगी अजून तिला पलंगाखाली, कपाटात शोधतेय. लपंडाव हर्षालीनेच शिकवला होता. आता तिने सृष्टीचा गाल थोपटला. “अगं, उठवतेस कशाला? रडून घर डोक्यावर घेईल!” “घेऊ द्या, आई. हिला तरी रडू द्या.”