लिंबाएवढा गुंडा

आणखी दहा ओळी विणल्या असत्या तर स्वेटरची दुसरी बाही संपली असती. तेवढ्यात नामदेवरावांनी सुनेच्या मांडीजवळचा लोकरीचा गुंडा उचलला.

“राहू दे आता. मफलर घे.”

“मामंजी, थोडंच राहिलंय.”

“म्हणूनच. तुझ्या सासूच्या हातची लोकर आहे, पोरी. एकदा संपली की संपली.”

तारामतीनं हात आवरला. नामदेवरावांनी स्वेटर, सुया आणि लिंबाएवढा उरलेला गुंडा फडक्यात बांधून कोनाड्यात टकळीशेजारी ठेवला. टकळीवर हातभर धागा तसाच होता. दीड वर्षापूर्वी त्यांची बायको कोंडाबाई कातता कातता उठली, पाणी प्याली, जरा पडते म्हणाली आणि गेली. तो धागा त्यांनी कुणाला तोडू दिला नव्हता.

गौलीगुड्यातल्या त्या दोन खोल्यांत तीन विणकामं अशी अर्धवट पडली होती. स्वेटर, मफलर, कानटोपी. एकाचा गुंडा लहान झाला की सासरा तो उचलायचा आणि दुसरं काम पुढे करायचा. तिन्ही गुंडे लहान झाले की कशात तरी चूक निघायची. मफलर अरुंद झाला, टोपी कानावर येत नाही. मग उसवायचं आणि पुन्हा टाके घालायचे.

नोव्हेंबरात निजामाच्या जुन्या राज्याचे भाषेनुसार तीन तुकडे झाले, तशी कचेरीचीही वाटणी झाली. मराठी कारकून म्हणून तारामतीचा नवरा भगवंतराव औरंगाबादला गेला. जाताना बायकोला म्हणाला, “खोली मिळाली की पत्र टाकतो. तोवर आईच्या लोकरीचा स्वेटर विणून ठेव. घेऊनच ये.”

आता शिवरात्र तोंडावर आली होती.

“काय ताराम्मा,” नळावर सत्यवती म्हणाली. शेजारची ही तेलुगू बाई तिच्याशी मोडकं मराठी हौसेनं बोलायची. “धूप सुरू झाली. आता स्वेटर कायकू? नवरा घामानं मरते की!”

बायका हसल्या. तारामतीही हसली. घागर उचलताना सत्यवतीनं तिचा दंड धरला.

“एक बोलू? तुझा मामंजीचा हातात निळा कागद बघितली मी. गल्लीच्या तोंडाला उभा राहून पोस्टमनकडून घेतला. तुला दिला नै?”

“नाही.”

“मग भावाकडे जा की. तिथून लिही नवऱ्याला.”

“भावानं दिवाळीला तिसऱ्या दिवशी मला परत गाडीत बसवलं. वहिनीनं ताटसुद्धा वेगळं मांडलं होतं. तिकडे कुणाच्या जिवावर जाऊ?”

दुपारी ताट वाढताना तिनं विचारलं, “मामंजी, पत्र आलं होतं?”

“पेन्शनीचं.”

“निळं?”

“आजकाल सगळंच निळं येतं,” ते म्हणाले आणि नको असताना भाकरी मागितली.

ती भाकरी वाढताना तारामतीला वाटलं, यातच सगळं आलं. आपण गेलो तर म्हाताऱ्याला भाकरी कोण थापणार? घरातली प्रत्येक ट्रंक, प्रत्येक डबा ती झाडायची. कागद कुठेच सापडला नव्हता. न विचारता हात लावायचा नाही असं घरात एकच होतं, ते म्हणजे सासूची लोकर. त्या लोकरीनंच म्हाताऱ्यानं आपल्याला खुंट्याला बांधलं आहे.

तिला संक्रांतीची गोष्ट आठवली. बाजारातून ती लवकर परतली होती. नामदेवराव दाराकडे पाठ करून गुंडा गुंडाळत बसले होते. सासू जुन्या उर्दू अखबाराची घडी आत घालून सैल हातानं गुंडाळायची, तिचे गुंडे मऊ असायचे. यांनी गुंडाळलेला दगडासारखा झाला होता. “सुटला होता,” एवढंच ते म्हणाले होते.

दुसऱ्या दिवशी ते रोजच्यासारखे अखबार वाचायला अफझलगंजच्या लायब्ररीत गेले. तारामतीनं ट्रंक भरली. उद्या सकाळच्या, औरंगाबादवरून जाणाऱ्या मनमाडच्या गाडीचं तिकीट आणायला सत्यवतीचा नवरा तयार होता. पत्र येवो न येवो, ती जाणार होती. पण रिकाम्या हातानं नाही. तिनं कोनाड्यातलं फडकं सोडलं आणि स्वेटर मांडीवर घेतला.

सुया भराभर चालल्या. सहा ओळी झाल्या, सात झाल्या. गुंडा सुपारीएवढा झाला. शेवटचे वेढे सुटले आणि आतली घडी टपकन जमिनीवर पडली.

अखबाराची नव्हती. निळी होती. वर भगवंतरावाचं अक्षर होतं.

नवरा बोलावत होता, आणि हा माणूस त्याचं बोलावणं लोकरीत पुरून ठेवत होता! तिनं घडी उलगडली. एकदा वाचलं. मग प्रत्येक शब्दावर बोट ठेवून पुन्हा वाचलं. नळावर कुणाची तरी घागर भरून वाहत होती. ट्रंकेकडे तिनं पाहिलं नाही.

नामदेवराव परतले. कोनाड्यातलं फडकं सुटलेलं पाहून ते उंबऱ्यातच थांबले. एक चप्पल पायातच राहिली.

“बाही लांब झाली, मामंजी,” तारामती मान वर न करता म्हणाली. मांडीवरचा स्वेटर गळ्यापर्यंत उसवला होता. “सगळंच उसवतेय.”

ते समोर येऊन बसले आणि दोन्ही हात पुढे केले. सुटलेली लोकर तिनं त्यांच्या हातांवर चढवली आणि गुंडाळायला घेतलं.

“घट्ट होऊ देऊ नको,” ते म्हणाले.

“नाही. सासूबाईंसारखंच गुंडाळते.”

निळ्या घडीवर वेढ्यामागून वेढे बसत गेले आणि वर आलेल्या ओळी झाकल्या गेल्या: ‘बाबा, हे तिसरं पत्र. इथं माझा दुसरा संसार आहे. तारामतीला तिच्या माहेरी सोडून या, नाहीतर मला मुलगा म्हणू नका.’