चांगल्या हवेची जागा

सकाळी नऊ वाजता बालवाडीच्या बाई अख्खा वर्ग घेऊन चौकातल्या बागेत आल्या आणि हवा मोजणाऱ्या यंत्राखाली त्यांनी मुलांना खेळायला सोडलं. थंडी पडली की शहरातला धूर आणि धूळ खालीच रेंगाळते, म्हणून महिनाभर मुलं खोकत बंद खोलीत बसली होती. अख्ख्या शहरात यंत्रापाशीच तेवढ्या एका जागी पालिकेचा टँकर रोज पहाटे पाणी फवारून जायचा आणि तिथल्या फलकावर रोज 'हवा चांगली' असं झळकायचं.

तासाभरात पालिकेचे साहेब धापा टाकत हजर झाले. "अहो बाई, पोरं धूळ उडवताहेत! आकडा चढतोय माझा!"

"मग शाळेपाशी मारा की पाणी. आम्हाला काय हौस आहे इथे यायची?"

"ते वरून ठरतं."

"आणि पोरांचा खोकला? तोही वरूनच ठरतो का?" बाई मुलांकडे वळल्या. "काय रे, दमलात एवढ्यात? पळा!"

दुपारी फलकावर 'हवा वाईट' असं उमटलं. संध्याकाळपर्यंत साहेबांनी यंत्र उचलून दुसरीकडे हलवलं आणि कुठे, ते कुणाला कळू दिलं नाही.

दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता बाई पालिकेच्या फाटकाशी वर्ग घेऊन उभ्या होत्या.



टँकर बाहेर पडला, तशी दोन-दोनच्या जोडीने मुलांची रांग त्याच्या मागे निघाली. ड्रायव्हरने आरशात पाहिलं आणि गाडी पहिल्याच गिअरमध्ये ठेवली.