आठवी जागा

टीव्हीवरच्या नायकानं दारूची बाटली फ्लशच्या टाकीत लपवली आणि इंद्रजितला हसू आलं.

"शिकाऊ हाय गडी," तो म्हणाला. "बायको पयल्यांदा तिथंच बघणार."

रविवारची दुपार. शिरवळच्या कंपनीत गेटवर ड्यूटी करणारा रिटायर फौजी इंद्रजित, त्याची बायको अंकिता आणि आई रंगूबाई भुईमुगाच्या शेंगा फोडत सिनेमा बघत बसली होती. सिनेमा दारुड्याचा. असले सिनेमे लय गाजतात. नायक पावसात उभा राहून रडतो, मागं व्हायोलिन वाजतं, बघणारे रुमाल काढतात. सकाळी उठून त्याची ओकारी कोण पुसतं, ते काही कुणी दाखवत नाही.

इंद्रजितनं दारू सोडून अकरा महिने झाले होते. सुरुवातीलाच अंकितानं चॅनल बदलायला रिमोट उचलला होता. "ऱ्हाऊ दे," तोच म्हणाला होता. "बघू तरी काय दाखवत्यात."

"तुमाला तरी कुठं लपवाय येत हुतं?" अंकिता म्हणाली. "सात जागा. सातीच्या साती मला म्हायती हुत्या. गव्हाची कोठी, कडबा, गाडीची डिकी, फौजेतलं बूट, शिलिंडरच्या मागं, म्हशीची गव्हाण. आन देव्हारा! लाज न्हाई वाटली."

"देव्हाऱ्यात एकदाच. त्यात बी गणपती आलं आन जागा गेली."

दोघं हसली. रंगूबाई हसली नाही. हातातली शेंग तिनं तशीच खाली ठेवली.

"आठ," ती म्हणाली.

"आठवी कुठली आत्या?" अंकितानं सासूला विचारलं.

"माझी पेटी."

अंकिताचं हसू गेलं. त्या पेटीला घरात कुणी हात लावत नाही. रंगूबाईनं आपल्याला शेवटचं नेतील त्या दिवशी नेसवायचं नवंकोरं लुगडं तीत ठेवलंय.

"त्येचं हात कापायचं सकाळचं," रंगूबाई म्हणाली. "कपबशी धरवायची न्हाई. मग मीच द्यायची. दोन घोट. तेवढंच."

"आन आता?"

"हाय अजून. निम्मी."

"अकरा महिनं? कशाला आत्या?"

"परत हात कापाय लागलं तर?"

टीव्हीवर नायकाची आई छाती बडवत होती. अंकितानं टीव्ही बंद केला, आत गेली आणि पेटी उघडली. लुगड्याखाली आडवी पडलेली बाटली तिनं बाहेर आणून उजेडात धरली. बाटलीला काळा दोरा बांधलेला होता.

"दोऱ्यापतूर हुती," रंगूबाई म्हणाली.

दारू दोऱ्याच्या बोटभर खाली होती.



"मी हात लावला न्हाई," इंद्रजित म्हणाला. हे वाक्य त्यानं या घरात शंभर वेळा म्हटलं होतं. त्याचं त्यालाच ते ऐकवलं नाही.

"टोपण ढिलं असंल," रंगूबाई घाईघाईनं म्हणाली.

अंकितानं तिच्याकडं बघितलं नाही. नवऱ्याकडंही नाही. ती परत आत गेली, लुगडं घेऊन आली, त्याची घडी मोडली आणि नाकाला लावली. दारुड्याची बायको ती. तिच्या नाकाला कुणी फसवू शकत नाही. एक टोक हुंगलं, मग दुसरं. मधल्या घडीपाशी थांबली. तिथं चहासारखा डाग होता.

"लुगड्याला वास हाय," ती म्हणाली.

इंद्रजितनं श्वास सोडला.

"मग धुवून टाक गं बाई," रंगूबाई म्हणाली. "असल्या वासात मला नेऊ नगासा."

अंकितानं बाटली मोरीत उपडी केली. मागं वळली तर इंद्रजित हात पुढं करून उभा होता. तिनं लुगडं त्याच्या हातात दिलं.

तो नळाखाली बसून डाग चोळत होता. रंगूबाई उंबऱ्यात येऊन बसली आणि त्याचे हात बघत राहिली.