बुधवारचं दुखणं

“इथे नाही, जरा डावीकडे,” शिंपीकाका म्हणाले. डॉक्टरनं स्टेथोस्कोप डावीकडे सरकवला. मागच्या बुधवारी हेच दुखणं पाठीत होतं, त्याच्या आधी कानात. आज छातीत आलं होतं आणि आतलं काळीज घड्याळासारखं टिकटिकत होतं.

डॉक्टर नुकतीच पास झालेली पोर. शिक्षण संपलं की वर्षभर वस्तीतल्या सरकारी दवाखान्यात सेवा करायची, असा नियम. निघताना मैत्रिणींनी तिला भरपूर घाबरवलं होतं. अडलेली बाळंतपणं येतील, मोडलेली हाडं येतील, विचारायला वर कोणी नसेल. तिनं जाडजूड पुस्तकांची पुन्हा उजळणी केली होती. आणि नशिबी आलं काय, तर बुधवारच्या घरभेटींमध्ये हा ठणठणीत माणूस.

काकांना काहीही झालेलं नाही, हे तिनं पहिल्याच भेटीत ओळखलं होतं. पण काका चिवट. तपासून झालं की म्हणायचे, एका मापावरून काय कळणार? दुसरं शेजारी धरून बघावं लागतं. आधी हिचं बघा, म्हणजे माझं किती बिघडलंय ते समजेल.

मग स्वयंपाकघरातून काकूंचा आवाज चढायचा. काकूंना दवाखान्याचं वावडं. धाकटा झाल्यापासून आपण दवाखान्याची पायरी चढलेलो नाही, हे त्या येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवत. पण नवऱ्याचं सोंग उघडं पाडायची संधी सोडणं त्यांच्या जिवावर यायचं. पदराला हात पुसत बाहेर यायच्या, घ्या बघून एकदाचं, म्हणत हात पुढे करायच्या, आणि दोघांचंही सारखंच निघालं की काकांकडे असं बघायच्या की काका खिडकीबाहेर बघू लागत.

आज छातीत काही सापडलं नाही, तेव्हा काकांनी दुसरंच काढलं. तोंडाला कोरड पडते म्हणाले. साखर तर नसेल? आणि बोट पुढे केलं.

डॉक्टरनं बोट टोचलं. साखर अगदी बेताची होती. मग रिवाजाप्रमाणे काकू आल्या, त्यांनीही बोट पुढे केलं. आकडा भलताच चढलेला पाहून डॉक्टरनं यंत्रात नवी पट्टी घातली. तिनं दुसरं बोट टोचून पाहिलं. आकडा हटेना.

“झालं समाधान?” असं काकांना सुनावून काकू गॅसवरचं दूध बघायला आत गेल्या.

आता या नाटकात वेळ घालवून चालणार नव्हतं. डॉक्टरनं आवाज कडक केला.

“काका, तुम्हाला काहीही झालेलं नाही.”

“ते ठाऊक आहे हो,” काका खालच्या आवाजात म्हणाले. “तिचं किती निघालं ते सांगा.”

डॉक्टरनं आधी कारण विचारलं. काकांनी मग भडाभडा सगळं सांगून टाकलं. काकू कधीपासून तांबेच्या तांबे पाणी पीत होत्या. पायाच्या अंगठ्याला खरचटलं होतं, ते भरून येत नव्हतं. दवाखान्याचं नाव काढलं की अबोला. शेवटी काकांनी स्वतःच आजारी पडायचं ठरवलं. नेमकं काय दुखलं की डॉक्टर नेमकं काय तपासते, हे कळेना, म्हणून एकेक करत पाठ, कान, छाती असं सगळं दुखवून पाहिलं होतं.

काकूंचं काकूंनाच आधी सांगायला हवं, म्हणून डॉक्टर स्वयंपाकघरात गेली. घाबरणार नाहीत अशी दोन वाक्यं तिनं मनात जुळवली होती. काकूंनी मागे वळूनही पाहिलं नाही.

“साखर ना?” त्या म्हणाल्या.

त्यांच्या थोरल्या बहिणीला हेच होतं. लक्षणं त्यांनी केव्हाच ओळखली होती. हे ऐकून डॉक्टरचा पारा चढला. पायाची जखम चिघळली असती तर, इतके दिवस अंगावर काढलंत कशाला, असं ती बरंच बोलली. काकूंनी मान खाली घालून सगळं ऐकून घेतलं. मग गॅस बारीक केला आणि दाराकडे एक नजर टाकली.

“हात थरथरायला लागले म्हणून यांनी दुकान बंद केलं. त्यानंतर दाढी करत नव्हते, भरल्या ताटावरून उठून जात होते. तुम्ही यायला लागलात आणि मला फसवायचं खूळ डोक्यात शिरलं. आता मंगळवारपासूनच तयारी सुरू असते. आरशासमोर उभे राहून कण्हून बघतात. मी पाहिलंय.”

हसावं की रागवावं, डॉक्टरला कळेना. तरी तिनं ठणकावून सांगितलं की औषध थांबणार नाही. गोळ्या आजपासून, पायाचं ड्रेसिंग आत्ता, आणि उद्या सकाळी उपाशीपोटी दवाखान्यात यायचं. काकू प्रत्येक गोष्टीला हो म्हणाल्या. गोळ्या घेईन, दवाखान्यात येईन, साखरेचा डबासुद्धा वर ठेवीन.

“फक्त त्यांना सांगा,” त्या म्हणाल्या, “की म्हातारी सरळ ऐकणाऱ्यातली नाही.”

ड्रेसिंग आटोपून डॉक्टर बाहेर आली. काका खुर्चीच्या अगदी कडेला बसले होते. तिनं चेहरा शक्य तितका गंभीर केला, गोळ्यांचं पाकीट त्यांच्या हातात दिलं आणि सांगितलं, की काकू भारी हट्टी आहेत. उद्या त्यांना दवाखान्यात आणायचं काम तुमचं, गोळ्या वेळच्या वेळी गळी उतरवायचं कामही तुमचंच. आणि त्यांच्यावर नजर ठेवायला मला येत राहावं लागेल, म्हणजे पुढच्या बुधवारी तुम्हाला काहीतरी दुखायला हवं.

काका विचारात पडले. ताठ बसले. हनुवटी खाजवली. मग एकदम त्यांचा चेहरा खुलला.

“गुडघा चालेल?”