कहा-सुना माफ

“चार कपडे टाक थैलीत. उद्या बार्शीटाकळीले जाऊ,” कुर्बान म्हणाला.

बिल्कीस तांदूळ निवडता निवडता थांबली. बार्शीटाकळीला तिची मैत्रीण नगमा राहत होती. एके काळी दोघींचं चांगलं गूळपीठ होतं. मग नगमाच्या मुलीच्या लग्नात बिल्कीसनं भर पंगतीत बिर्याणीला नावं ठेवली, आणि त्याला आता अकरा वर्षं झाली होती. मागच्याच आठवड्यात कुर्बाननं तिला बाळापूरला नेलं होतं, चुलतभाऊ गुलफामकडे. तिथंही तीच कथा. बिल्कीस मनाची साफ, पण जिभेला हाड नाही.

“लोक उन्हाळ्यात थंड हवेले जातात,” ती म्हणाली. “तुमाले बरी हीच गावं सापडतात.”

“नोकरीत कुठं नेलं तुले? आता फिरू.”

चौतीस वर्षं एसटी चालवलेला हा माणूस. सुट्टीच्या दिवशी गाडीचं नाव काढलं तरी पाठ फिरवून झोपायचा. आता मात्र बिल्कीस उर्दू शाळेतून निवृत्त झाली न झाली, तोच हा दर आठवड्याला थैली भरायला लावत होता. हे काही सरळ नव्हतं.

मार्चमध्ये दोघांनी अमरावतीच्या एका मोठ्या दवाखान्यात तपासण्या करून घेतल्या होत्या. साठी जवळ आली की करतात, तशाच. कागद आणायला कुर्बान एकटाच गेला. “सगळं ठीक हाये. तुयी तेवढी अ‍ॅसिडिटी, त्याच्या गोळ्या हायेत,” असं सांगून त्यानं फाईल कपाटात ठेवली आणि किल्ली खिशात टाकली. तेव्हापासून त्याचं जेवण निम्म्यावर आलं. सदरा खांद्यावरून लोंबायला लागला. चौथीतल्या पोराचं खोटं बिल्कीसला मानेवरून कळायचं. नवऱ्याचं कळणार नाही?

बार्शीटाकळीला नगमानं दारातच तिला मिठी मारली. अकरा वर्षांचा रुसवा जसा नव्हताच. बिल्कीसला आवडतात म्हणून खिमा समोसे तळले, आणि बिल्कीसनंही या खेपेला नावं ठेवली नाहीत. दुपारी ती पाणी प्यायला उठली, तर समोरच्या खोलीत कुर्बान नगमापुढं हात जोडून उभा होता.

“कहा-सुना माफ कर देना,” तो म्हणत होता.

बिल्कीस दाराआडच थांबली. हे शब्द ती लहानपणापासून ऐकत आली होती. हजला निघालेला माणूस घरोघरी जाऊन हे म्हणतो. जगातून निघालेला म्हणतो. ज्याचं म्हणायचं राहून जातं, त्याच्यासाठी घरचे म्हणतात. आणि हजचा अर्ज तर त्यांच्या घरात कुणी केलेला नव्हता.

त्या दिवसापासून ती डोळ्यात तेल घालून त्याच्यावर नजर ठेवू लागली. जिना चढताना धाप लागते का, रात्रीची पोळी संपवतो का. विचारायची मात्र हिंमत होईना. विचारलं तर तो खरं सांगेल, याचंच तिला भय होतं. प्रत्येक नमाजनंतर ती एकच मागायची, याला राहू दे, हवं तर मला ने. स्वतःच्या पोटातली कळ तिनं बाजूला सारली होती. काळजीनं दुसरं काय होणार?

मेअखेरीस थैली भरली गेली ती शेंदूरजनाघाटसाठी. तिथं शेषरावची संत्र्यांची बाग. शेषराव कुर्बानचा जुना दोस्त, पण त्याची बायको शालू नऊ वर्षांत अकोल्याला यांच्या घरी फिरकली नव्हती. तिच्या लेकीनं, प्रतीक्षानं, स्वतःच्या पसंतीनं लग्न केलं, तेव्हा बिल्कीस चारचौघांत म्हणाली होती, “पोरगी शिकवली, वळण लावायचं राह्यलं वाटते.”

तीच शालू आता तिला जेवताना आग्रह करत होती, उशी आणून देत होती. नगमाही अशीच वागली होती, गुलफामच्या घरच्याही. उद्या जिच्यावर आभाळ कोसळणार आहे, तिला बाया आजपासूनच जपतात, हे बिल्कीसला पुरतं कळून चुकलं होतं. त्या मायेनं तिला गुदमरायला व्हायचं.

दुसऱ्या दिवशी सकाळी शेषरावनं सगळ्यांना मोर्शीजवळच्या धरणावर नेलं. ओळखीच्या कोळ्याची इंजिनाची नाव होती. पुढं कुर्बान आणि शेषराव, मागं बाया. शालूनं स्वतःच्या हातानं बिल्कीसच्या लाइफ जाकिटाचे पट्टे बांधले.

नाव पाण्यात शिरली. गार वारा आला. बिल्कीसला लग्नापासून हौस होती नावेत बसायची, आणि आज तिला पाणी दिसतच नव्हतं. कुर्बाननं एकदा वळून तिच्याकडं पाहिलं, हसला, आणि लगेच रुमालानं डोळे पुसले. उन्हाची तिरीप आली म्हणावं, तर ऊन त्याच्या पाठीशी होतं.

तिला राहवलं नाही. इंजिनाच्या आवाजात पुढं काही ऐकू जाणार नव्हतं.

“शालू, खरं सांग. काल यायनं तुमच्यासमोर हात जोडले ना?”

शालू पाण्याकडे पाहत राहिली. “जोडले.”

“कहा-सुना माफ, म्हणाले?”

“म्हणाले. आमी दोघायनं केलं बी माफ. मनापासून केलं, भाभी.”

“मंग मलेच काहून अंधारात ठेवून राहिले सगळे? किती दिवस राह्यले, तेवढं सांग. मले त्यायची सेवा तरी करू दे.”

शालूनं तिचे दोन्ही हात हातात घेतले.

“भाऊनं माफी सोतासाठी नाई मागतली, भाभी,” ती म्हणाली. “तुमच्यासाठी मागतली.”