सह्या होईपर्यंत

“ते शेअर विकून टाक,” चप्पल काढायच्या आधीच इंदू म्हणाली.

भुजंगनं तिच्या हातातली पिशवी घेतली. “आक्का, आधी पाणी तर घे. नांदेडहून लातूरला भांडायलाच आलीस काय?”

भांडायलाच आली होती. नवऱ्याला सांगून आली होती की भावजयीला, शिवकांताला, बरं नाही. ती शिवकांता आत ठणठणीत उभी राहून धपाटे थापत होती. एसटीत अहमदपूर येईपर्यंत इंदूनं मनातल्या मनात भावाला शिव्या घातल्या, आणि अहमदपूरनंतर स्वतःला. कारण बातमी तिच्याच तोंडून गेली होती.

तिची उर्वी पुण्यात एका सॉफ्टवेअर कंपनीत होती. कंपनी शेअर बाजारातली, आणि उर्वीचं काम अशा जागी की मोठे व्यवहार जगाच्या आधी तिला कळायचे. म्हणून तिनं घरात बजावून ठेवलं होतं: आमचा शेअर घ्यायचा नाही, विकायचा नाही, विचारायचंसुद्धा नाही. नातेवाइकानं आतल्या बातमीवर घेतला तरी मान माझी अडकते. ऑफिसात फोनवर कुणी नावं घेत नसत. एक कंपनी दुसरीला विकत घेणार असली की ती सोयरीक. घेणारा नवरदेव, विकली जाणारी नवरी. हे उर्वीनंच एकदा हसत हसत सांगितलं होतं. स्वतःच्या स्थळांचा विषय निघाला की जांभया देणारी पोरगी कंपन्यांच्या सोयरिकी जमवते, याची इंदूला फार गंमत वाटली होती.

मागच्या रविवारी उर्वी घरी आलेली. वाळलेले कपडे काढायला इंदू गच्चीवर गेली, तर टाकीमागून लेकीचा दबका आवाज आला.

“सोयरीक पक्की. पलीकडचे मोठे आहेत, त्यांची ना नाही. शुक्रवारी सह्या. तोवर आमच्या घरात कुणाला कळता कामा नये. कळलं तर सगळं मोडेल.”

इंदू कपडे तसेच ठेवून खाली आली. उर्वी पुण्याला गेली आणि संध्याकाळी भावाचा नेहमीसारखा फोन आला. आपली पोर केवढ्या मोठ्या उलाढालीत आहे, एवढंच इंदूला सांगायचं होतं. ते तिनं शब्दन् शब्द सांगितलं. भुजंगचं बियाणांचं दुकान, पण जीव सगळा मोबाइलवरच्या शेअर बाजारात. दोन दिवसांनी त्यानंच खुशीत कळवलं की आपण उर्वीच्या कंपनीचे शेअर घेतले.

“मी उगं घेतलो न्हाई,” भुजंग आता समजावू लागला. “एक मोठा फंड हाय. त्यानं ह्या कंपनीतला हिस्सा वाढवलाय. ते समद्या दुनियेला दिसतंय. असली मोठी मान्सं उगं हात घालत न्हाईत. त्यात तुझी बातमी.”

“म्हणून दुकानाचं सगळं त्यात घातलंस?”

“समदं कुठं? खताचं तेवढं ठेवलो.”

“आणखी कुणाला बोललास?”

भुजंग पंख्याकडे बघायला लागला. शिवकांतानं आतून सांगितलं, “शेजारच्या गुरुपादप्पाला बोललेत, वन्सं. कापडदुकानवाल्या. आणि गुरुपादप्पा उदगीरच्या मेव्हण्याला. मेव्हण्याचं तोंड तर गावाचा लाऊडस्पीकर.”

इंदूला डोळ्यांसमोर उर्वी दिसली, साहेबांसमोर मान खाली घालून उभी. उर्वी सांगायची, अशानं नोकरी तर जातेच, वर नाव सगळीकडे जाहीर होतं, पुन्हा कुणी दारात उभं करत नाही. तिथल्याच एका पोराच्या सासऱ्यानं असंच केलेलं, तो पोरगा आता गावाकडे शिकवण्या घेतो म्हणे.

तिनं भावाला पुन्हा विकायला सांगितलं. भुजंग म्हणाला, भाव आठवडाभर चढतोय, आज विकलं तर उलट लोकांच्या डोळ्यावर येईल. आज शुक्रवारच आहे, सह्या होऊ दे. मग तिनं पोलीस आले तर काय सांगायचं ते विचारलं. त्यावर मात्र भुजंगनं पुढ्यात आलेला धपाटा मोडलासुद्धा नाही.

तेवढ्यात इंदूचा फोन वाजला. उर्वीचा.

“आई, तू मामाकडे आहेस ना? बाबांनी सांगितलं.” आवाज घोगरा होता. “आई, सह्या झाल्या.”

इंदूनं डोळे मिटले. “मला माहीत आहे, बाळा. गच्चीवर ऐकलं मी. फोनवर जास्त बोलू नको.”

मग उर्वीनं हळूच विचारलं, “बाबांना?”

“त्यांना नाही. पण मामाला मीच बोलले. माझी चूक झाली.”

“मामा काय म्हणाला?”

“तो काय म्हणणार? रविवारपासून हवेत आहे. त्याची सगळी भिस्त त्यावरच.”

उर्वी रडायला लागली. भावाकडे पाठ करून इंदू ठामपणे म्हणाली, “हे बघ, रडायचं नाही. कुणीही विचारू दे, बाबा विचारू दे नाहीतर सरकार विचारू दे. मी तुझ्या बाजूनं उभी राहीन. जे काय यायचं ते माझ्यावर येऊ दे.”

“खरंच, आई?”

“अगदी खरं.”

उर्वीनं नाक पुसल्याचा आवाज आला. “मग मामीला म्हणावं, ओवाळायला भाकरतुकडा घेऊन दारात ये. आम्ही दोघं इथल्या कचेरीतून सरळ आलोय, जिन्यातच उभे आहोत.”